पाणी पंचायत (पुरंदर)

पाणी पंचायत म्हणजे शेतकऱ्यांनी गट करून एकत्र पाणी उचलायचं आणि ते कोणाची किती जमीन यावर नाही तर घरात खाणारी तोंडं किती यावर वाटून घ्यायचं, अशी पद्धत. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या नायगावला १९७० च्या दशकात ती सुरू झाली. ओडिशात २००२ च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना हेच नाव दिलंय पण ते वेगळं प्रकरण आहे, दोन्हीची गल्लत करू नये.

पुरंदरचा पूर्वेकडचा भाग पर्जन्यछायेतला, सासवड सोडून पुढे जावं तसा पाऊस आटत जातो. १९७२ च्या दुष्काळात तर हाल झाले, जुनी माणसं अजून मिलोच्या (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या) भाकरी आणि दुष्काळात वाटलेल्या सुकडी या कोरड्या खाऊच्या आठवणी सांगतात. तेव्हा दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसं बघून पुण्यातले इंजिनिअर आणि कारखानदार विलासराव साळुंखे यांना वाटलं की हेच हात बांध घालायला, तलाव खोदायला लावले तर पुढचा दुष्काळ तरी हलका जाईल. नुसतं वाटून थांबले नाहीत हे महत्त्वाचं. नायगावला देवस्थानची ४० एकर माळजमीन ५० वर्षांच्या कराराने घेतली आणि पत्नी कल्पनाताईंसोबत तिथेच काम उभं केलं. उतारावर आडवे बांध, खाली पाझर तलाव, तलावाखाली विहीर, आणि विहिरीचं पाणी पंपाने परत वर शेताला. ज्या माळावर कुसळंच उगवायची तिथे धान्य पिकायला लागलं. १९७४ मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठान ही संस्था काढली आणि मग आजूबाजूच्या गावांतही योजना झाल्या.

पण बांध आणि विहिरी काय, बाकीच्यांनीही केल्यात. खरी गोष्ट आहे नियमांची. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी, आणि एका घराला जास्तीत जास्त अडीच एकराचं. म्हणजे घरात ५ माणसं असतील तर अडीच एकर, ७ असली तरी अडीचच, आणि शेजाऱ्याची २० एकर जमीन आहे पण घरात तिघंच, तर त्याला दीड एकराचं पाणी, बाकी कोरडवाहू. हे २० एकरवाल्याच्या गळी उतरवणं किती अवघड असेल, ज्याने गावात बांधावरची भांडणं पाहिलीत त्याला वेगळं सांगायला नको.

ऊस, केळी, हळद लावायची नाही, कारण एकट्या उसाच्या पाण्यात कितीतरी घरांची ज्वारी-बाजरी निघते. योजना एकट्यासाठी नाही, गटासाठीच. सुरुवातीच्या योजनांमध्ये खर्चाचे २० टक्के मेंबरांनी आधी भरायचे, ५० टक्के सरकारी अनुदान आणि उरलेले ३० टक्के प्रतिष्ठानकडून बिनव्याजी. पाणी सोडायला पाटकरी मेंबरच नेमतात, त्यामुळे पाण्याच्या पाळीवरून कुरबुर झाली तर ती गटातच मिटवायची, तालुक्याला पळायचं नाही.

सगळ्यात धाडसी नियम भूमिहीनांचा. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही, त्यामुळे जमीन विकली तर पाणी सोबत विकलं जात नाही, आणि ज्याच्या नावावर गुंठाभरही नाही त्यालाही पाण्याचा वाटा, तो दुसऱ्याची शेती वाट्याने करून वापरायचा. पुढे सांगलीतल्या आटपाडी भागात समन्यायी पाणीवाटपाची चळवळ झाली, तिथेही पाणी सगळ्या घरांना, भूमिहीनांनासुद्धा, हीच मागणी होती.

साळुंखे २००२ मध्ये गेले. सगळ्या योजना काही टिकल्या नाहीत. आता तालुक्यात पुरंदर उपसा योजनेने मुळा-मुठेचं पाणी येतं, अंजीर-सीताफळाच्या बागांना त्याचा आधार झालाय, पण ते पैसे भरून शेतात घ्यायचं पाणी आहे आणि ज्याला शेतच नाही त्याने पाण्याचा मागणी अर्ज भरायचा तरी कुठल्या जमिनीच्या गट नंबरवर.