वाटाण्याच्या अंकुरामागचं बडोदं

दादासाहेब फाळके म्हटलं की ‘राजा हरिश्चंद्र’ आणि ३ मे १९१३ ही तारीख आठवते. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी एक इवलीशी फिल्म केली होती, तिचा उल्लेख मात्र एका ओळीत उरकला जातो. ‘अंकुराची वाढ’ हे तिचं नाव. कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि माती फोडून वर येणारं रोप महिनाभर टिपलं. पडद्यावर ती सगळी वाढ मिनिटभरात दिसे. या फिल्मला हरिश्चंद्राची नुसती रंगीत तालीम म्हणणं मला पटत नाही. डोळ्यांना न दिसणारी निसर्गातली हालचाल कॅमेरा दाखवू शकतो, हे एका मराठी माणसाने त्या काळात घरच्या घरी सिद्ध केलं होतं. आणि त्याची तयारी आमच्या बडोद्यात झाली होती.

सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० मध्ये इथे कलाभवन सुरू झालं. ते उभारणारे प्रा. त्रिभुवनदास गज्जर हाडाचे रसायनशास्त्रज्ञ. रंगाई, विणकाम आणि चित्रकला एकाच संस्थेत शिकवावी, हा त्या काळी मोठाच विचार होता. राजमहाल रोडवरून जाताना दिसणाऱ्या त्या इमारतीत आज सयाजीराव विद्यापीठाचं इंजिनिअरिंग शिकवलं जातं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून आलेले फाळके कलाभवनात चित्रकला आणि मॉडेलिंग, म्हणजे मूर्तिकामाचे नमुने घडवणं, शिकले, त्याच सुमारास त्यांनी कॅमेरा घेतला. गज्जरांनी संस्थेचा फोटो स्टुडिओ आणि प्रयोगशाळा त्यांच्या हाती दिली.

ही प्रयोगशाळा महत्त्वाची, कारण तेव्हा फोटो काढणं म्हणजे अर्धं रसायनशास्त्रच होतं. काचेवर जिलेटिनमध्ये कालवलेल्या सिल्व्हर ब्रोमाइडचा थर असे. उजेड पडेल तिथे न दिसणारा ठसा उमटायचा, डेव्हलपरमध्ये त्याच जागी चांदीचे काळे कण तयार व्हायचे आणि उरलेलं ब्रोमाइड हायपो नावाच्या रसायनाने धुऊन टाकायचं. हे सगळं लाल दिव्याच्या उजेडात, हाताच्या अंदाजाने. तो अंदाज फाळक्यांच्या हाताला बडोद्यात बसला.

पुढे त्यांनी फोटोग्राफीचा धंदा करून पाहिला, पण बडोद्यात तो चालला नाही. कॅमेरा माणसातली शक्ती ओढून घेतो, फोटो काढला की आयुष्य घटतं, अशी समजूत पसरली होती. ज्या यंत्राला लोक जीव घेणारं समजत होते, त्याच यंत्रातून याच माणसाने पुढे जीव वाढताना दाखवला. मला या सगळ्या हकिकतीत हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

झाडं हलतात ही गोष्ट विज्ञानाला नवी नव्हती. चार्ल्स डार्विनने मुलगा फ्रान्सिसच्या मदतीने कोंबाचा शेंडा कुठे सरकतो हे काचेवर ठिपके देत नोंदवलं होतं. ते निष्कर्ष १८८० मध्ये प्रसिद्ध झाले. जर्मनीत विल्हेल्म प्फेफर यांनी १८९८ ते १९०० या काळात झाडांच्या वाढीची चलच्चित्रं घेतली. लंडनमध्ये पर्सी स्मिथ यांची उमलत्या फुलांची फिल्म १९१० मध्ये आली. फाळके लंडनला गेले ते १९१२ मध्ये, आणि तिथून त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा मागवला.

आता थोडा हिशोब. दिवसाला एक फ्रेम घेतली, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. मूकपट सेकंदाला साधारण १६ फ्रेमने चाले, म्हणजे मिनिटाला ९६०. रोज एकच फ्रेम घेतली तर महिन्याच्या ३० फ्रेम दोन सेकंदांतच संपतील. मिनिटभराची फिल्म हवी असेल तर रोज ३२ फ्रेम, म्हणजे रात्रंदिवस दर ४५ मिनिटांनी एक! त्या काळच्या बहुतेक कॅमेऱ्यांत हँडलच्या एका फेऱ्यात आठ फ्रेम सरकत, त्यामुळे एकेक फ्रेम घेणं ही वेगळीच कसरत. महिनाभर कॅमेरा केसभरही हलता कामा नये, कुंडी सरकता कामा नये आणि उजेड शक्यतो सारखाच हवा.

वाटाणा यासाठी फार छान विषय. दाणा मातीतच राहतो, कोंब आकड्यासारखा वाकून वर येतो आणि उजेड लागला की सरळ होतो. मग तणावे फुटतात आणि आधार शोधत हवेत गोल फिरतात. हे फिरणं नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, फिल्मवर लगेच दिसतं.

या कामात फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचा वाटा मोठा. तेव्हा कच्ची फिल्म कडेच्या भोकांशिवाय मिळे. ती भोकं घरीच, अंधारात पाडावी लागत. ते काम त्या करत आणि डेव्हलपिंगची रसायनंही कालवत. दागिने तारण ठेवले गेले ते याच काळात. ‘अंकुराची वाढ’ पाहून यशवंतराव नाडकर्णी कर्ज द्यायला तयार झाले आणि हरिश्चंद्राचं काम मार्गी लागलं.

एकेक फ्रेम घेण्याची ही रीत फाळक्यांनी पुढेही सोडली नाही. १९१५ च्या ‘आगकाड्यांची मौज’ मध्ये काड्यापेटीतल्या काड्या नाचतात त्या याच रीतीने, फक्त तिथे दर फ्रेमला काड्या हाताने सरकवाव्या लागल्या.