मुठीपासून झडपेपर्यंत: टूरिंग मोटरसायकलच्या इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पार्श्वभूमी

लांब पल्ल्याच्या मोटरसायकलींबद्दल दोन तक्रारी ठरलेल्या असतात. वळणात रेस सोडून पुन्हा हलकेच दिली की गाडी गचका मारते, ही एक. मूठ पिळली तरी इंजिन क्षणभर विचार करत बसतं, ही दुसरी. दोन्हींचं खापर आता इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलवर फुटतं, म्हणजे मुठीची हालचाल केबलऐवजी वायरवरून संगणकाकडे नेऊन हवेची झडप मोटरने उघडणाऱ्या यंत्रणेवर. दुसऱ्या तक्रारीत तथ्य आहे. पहिली मात्र केबलच्याच काळातली आहे, आणि ती मिटवण्याच्या खटपटीतूनच या तंत्राचा मोठा भाग घडला.

सुरुवात कार्ब्युरेटरपासून, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागापासून, करावी लागते. साध्या स्लाइड कार्ब्युरेटरमध्ये मूठ, केबल आणि हवेच्या वाटेतली स्लाइड थेट जोडलेली असे. कमी आरपीएमवर एकदम मूठ पिळली की हवा आत घुसे, पेट्रोल मागे राही आणि इंजिन गुदमरे. १९६५ च्या होंडा सीबी४५० वर सीव्ही कार्ब्युरेटर आले. त्यांत मुठीने फक्त बटरफ्लाय, म्हणजे हवेच्या नळीत फिरणारी चकतीसारखी झडप, उघडते. स्लाइड वर उचलण्याचं काम इंजिनाने तयार केलेला निर्वात दाब करतो, म्हणजे इंजिनाला पेलेल तेवढीच ती उचलली जाते. रायडरची मागणी आणि इंजिनाची कुवत यांच्यामध्ये एक मध्यस्थ बसवण्याची कल्पना ही अशी जुनी आहे. त्या काळी तो मध्यस्थ रबरी पडदा आणि स्प्रिंगचा होता, एवढंच.

इंजेक्शन, म्हणजे पेट्रोल मोजून फवारणारी यंत्रणा, आलं तेव्हा हा मध्यस्थ गेला. कावासाकीने १९८० मध्ये झेड१०००-एच१ वर इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन दिलं, १९८३ च्या बीएमडब्ल्यू के१०० वर बॉशची एलई-जेट्रॉनिक यंत्रणा आली. पेट्रोल आता मोजून मिळू लागलं, पण बटरफ्लाय पुन्हा केबलने सरळ मुठीला बांधली गेली. पुढे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले. धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी मिश्रण इंजिनाला आवडतं त्याहून पातळ, म्हणजे कमी पेट्रोलचं, ठेवावं लागलं आणि रेस सोडल्यावर पेट्रोल पूर्ण बंद करण्याची पद्धत रुळली.

गचक्याचं मूळ इथे आहे. रेस सोडली की पेट्रोल थांबतं आणि इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीच्या, भिंती कोरड्या पडतात. मूठ पुन्हा किंचित उघडली की पहिल्या फवाऱ्यातलं काही पेट्रोल भिंतीलाच चिकटतं, मग ज्वलन एकदम सुरू होतं. तोवर गिअर, चेन किंवा शाफ्ट यांच्यातली ढिलाई उलट्या बाजूला गेलेली असते, ती एका धक्क्यात भरून निघते. हलक्या, एकट्याने चालवायच्या गाडीवर हे खपून जातं. शाफ्ट असलेल्या, सामानाच्या पेट्या लादलेल्या टूररवर मागे माणूस बसलेला असेल तर त्याचं हेल्मेट पुढच्याच्या हेल्मेटवर आपटतं.

त्यात भर बटरफ्लायच्या स्वभावाची. मोठ्या इंजिनाला कमी आरपीएमवर श्वास घ्यायला झडप थोडीशी उघडली तरी पुरते. त्यामुळे मुठीच्या पहिल्या काही अंशांतच बहुतेक टॉर्क (इंजिनाची ओढ) हाती येतो, आणि त्यापुढे कितीही पिळलं तरी फारसा फरक पडत नाही. केबल हे बदलू शकत नाही. फार तर मुठीच्या पुलीचा आकार बदलून सुरुवातीची ओढ सौम्य करता येते, आणि तसे सुटे भाग विकलेही गेले.

पहिला तोडगा अर्धवट होता, पण हुशारीचा. सुझुकीने २००० च्या जीएसएक्स-आर७५० वर प्रत्येक थ्रॉटल बॉडीत दोन बटरफ्लाय बसवल्या: एक रायडरच्या केबलवर, दुसरी ईसीयूच्या, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाच्या, मोटरवर. रायडरने पहिली सताड उघडली तरी दुसरी हवेचा वेग सांभाळत सावकाश उघडे. सीव्ही कार्ब्युरेटरमधला मध्यस्थ परतला, फक्त या वेळी विजेवर चालणारा.

मोटारींमध्ये बीएमडब्ल्यूने १९८० च्या दशकाच्या अखेरीलाच ७ सिरीजवर इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आणला होता. दुचाकीवर तो २००६ च्या यामाहा वायझेडएफ-आर६ वर वायसीसी-टी या नावाने आला. गंमत म्हणजे त्यातही केबल होतीच. मुठीपासून निघालेली केबल सेन्सरपर्यंत जाई आणि तिथून पुढे काम मोटरचं. रायडरच्या हाताला ओळखीची ओढ लागावी, यात काही गैर नव्हतं. २००७ च्या अप्रिलिया शिव्हर ७५० वरही झडप मोटरच हलवत असे.

टूरिंगच्या जगात मात्र रेसिंगमधून झिरपत आलेल्या तंत्राची नेहमीची गोष्ट पुरती लागू पडत नाही. हार्ली-डेव्हिडसनने २००८ मध्येच आपल्या टूरिंग मालिकेच्या केबल काढून टाकल्या, सेन्सर हँडलबारच्या आत लपवला. तिथे लॅप टाइमचा प्रश्नच नव्हता. फायदा सुटसुटीतपणाचा होता: क्रूझ कंट्रोलसाठी (ठरवलेला वेग आपोआप राखण्यासाठी) केबल ओढणारी वेगळी यंत्रणा नको, आयडलसाठी, म्हणजे रेस न देता इंजिन चालू ठेवण्यासाठी, वेगळी झडप नको, सगळं एकाच मोटरवर. यामाहाच्या एफजेआर१३०० ला क्रूझ कंट्रोल मिळाला तो २०१३ मध्ये, वायसीसी-टी सोबतच. होंडा गोल्ड विंगवर क्रूझ कंट्रोल केबलच्या काळापासून होता. कदाचित म्हणूनच तिला घाई नव्हती. ती थेट २०१८ मध्ये वायरवर गेली.

रिस्पॉन्सच्या दृष्टीने खरा टप्पा २०१० च्या डुकाटी मल्टिस्ट्राडा १२०० चा. स्पोर्ट, टूरिंग, अर्बन आणि एंड्युरो असे चार मोड. पहिल्या दोन्हींत ताकद १५० अश्वशक्तीच, पण टूरिंगमध्ये ती हळुवार येते. उरलेल्या दोन्हींत १०० वर मर्यादा. ताकद किती आणि ती कशी येते, या दोन गोष्टी वेगळ्या असल्याचं कंपनीने ग्राहकाला बटणावर दाखवून दिलं. पुढच्याच वर्षी बीएमडब्ल्यूच्या सहा सिलिंडरच्या के१६००जीटी वर रेन, रोड आणि डायनॅमिक हे मोड आले.

यामागे ईसीयूचं गणितही बदललं होतं. मुठीचा कोन म्हणजे झडपेचा कोन नव्हे, तर टॉर्कची मागणी, असं धरून झडप किती उघडायची हे आरपीएम आणि गिअर पाहून ठरू लागलं. मात्र दुसऱ्या तक्रारीचं मूळही इथेच आहे. गचका टाळायला ईसीयू टॉर्क टप्प्याटप्प्याने सोडतो, त्याला उशीर म्हणतात. युरोपच्या युरो ४ (२०१६) आणि युरो ५ (२०२०) या नियमांनंतर प्रदूषणाची बंधनंही त्याच गणितात बसवावी लागली. बोथट रेन मोड आणि उतावळा स्पोर्ट मोड यांच्यामध्ये जमून आलेला रोड मोड देणं हेच खरं अवघड काम, आणि अनेक महागड्या गाड्यांनाही ते पहिल्या वर्षी साधलेलं नाही. काहींना नंतर सॉफ्टवेअर बदलून ते जमलं. केबलच्या काळात ही सोयच नव्हती.

पुढची भर सेन्सरची. २०१४ च्या केटीएम ११९० ॲडव्हेंचरवर बॉशची स्थिरता यंत्रणा आली आणि गाडी किती कलली आहे हे पाहून टॉर्क रोखला जाऊ लागला. २०२० च्या अखेरीस मल्टिस्ट्राडा व्ही४ ने पुढचा आणि मागचा रडार आणला. आता पुढच्या वाहनापासून अंतर राखत ईसीयू स्वतःच झडप उघडतो, मिटतो. हे थांबवायला ब्रेक किंवा क्लच आहेच. शिवाय बऱ्याच टूरिंग गाड्यांवर मूठ बंद स्थितीच्याही पुढे उलटी दाबली की क्रूझ सुटतो.