शिसपेन्सिलीत शिसं नसतं

'पेन्सिल चघळू नकोस, शिसं पोटात जाईल!' हा दम बहुतेकांनी लहानपणी खाल्लेला असतो. पण नावात शिसं असलं तरी आतली काळी कांडी ग्रॅफाइट आणि चिकणमातीची असते.

घोळ झाला तो इंग्लंडात. सोळाव्या शतकात बॉरोडेलच्या डोंगरात काळं, चकचकीत, बोटांना माखणारं खनिज सापडलं, तेच हे ग्रॅफाइट. लोकांनी ते शिशाचाच प्रकार मानलं. पुढे १७७९ साली कार्ल शीले या रसायनशास्त्रज्ञाने तो कार्बन असल्याचं दाखवलं, पण तोवर नाव रुळून गेलं होतं. जर्मन भाषेतही पेन्सिलीच्या नावात शिसं आहेच.

मातीची गोष्ट त्याहून मजेशीर. युद्धामुळे फ्रान्सला इंग्लंडचं ग्रॅफाइट मिळेनासं झालं. तेव्हा १७९५ मध्ये निकोला-जाक काँतेने हलक्या प्रतीच्या ग्रॅफाइटची भुकटी ओल्या मातीत मळली, कांड्या केल्या आणि भट्टीत भाजल्या. माती जास्त घातली की कांडी कडक आणि रेघ फिकट. कमी घातली की कांडी मऊ, रेघ काळीभोर. पेन्सिलीवरची एच आणि बी ही अक्षरं हाच फरक सांगतात.

जुन्या काही पेन्सिलींच्या बाहेरच्या रंगात मात्र शिसं असायचं. म्हणजे तो दम अगदीच वाया गेला असं नाही.