फ्रान्समधील हरितमार्ग

मोटारगाड्यांना बंदी असलेला आणि सायकलस्वार, पादचारी, चाकाच्या खुर्चीवरून फिरणारे, स्केटिंग करणारे व काही ठिकाणी घोडेस्वार यांच्यासाठी राखून ठेवलेला रस्ता. फ्रेंचमध्ये याला ‘व्ह्वा व्हेर्त’ म्हणतात. फ्रान्सच्या रहदारी संहितेत या संज्ञेला २००४ मध्ये कायदेशीर स्थान मिळाले. निळ्या चौकोनी पाटीवर पादचारी, सायकल आणि घोडेस्वार यांच्या पांढऱ्या आकृत्या दिसल्या की हरितमार्ग सुरू झाला असे समजावे. शहरांतही असे मार्ग आहेत, पण त्यांचे खरे वैभव ग्रामीण भागात आहे. पाठीमागून येणाऱ्या ट्रकची धास्ती न बाळगता द्राक्षमळे, गुरांची कुरणे आणि लहान गावे यांच्यामधून दिवसभर सायकल चालवता येते.

यांतले बहुतेक मार्ग सायकलींसाठी मुळात आखलेलेच नाहीत. सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांतील फ्रान्सने रेल्वेगाड्यांसाठी आणि नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी जे बांधले, त्याचा हा पुनर्वापर आहे. सार्वजनिक बांधकाम मंत्री शार्ल द फ्रेसिने यांच्या योजनेनुसार १८७९ मध्ये एक कायदा झाला आणि लहानसहान गावांपर्यंत लोहमार्ग नेण्याचा सरकारने सपाटा लावला. पुढे बस आणि मोटारी आल्या, खेड्यांतली वस्ती घटली आणि या शाखा तोट्यात गेल्या. १९३८ मध्ये रेल्वे कंपन्या एकत्र करून राष्ट्रीय रेल्वे स्थापन झाली, तेव्हापासून अशा मार्गांवरच्या प्रवासी गाड्या मोठ्या प्रमाणावर बंद होऊ लागल्या. रूळ उचलले गेले, मागे खडी आणि झुडपे उरली.

मात्र रुळांखालची आखणी तशीच राहिली, आणि सायकलस्वाराच्या दृष्टीने तेच खरे घबाड होते. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसे. म्हणून अभियंत्यांनी डोंगर कापले, दऱ्यांत भराव घातले, पूल बांधले, बोगदे खणले आणि चढ शक्यतो शंभर मीटरला तीन मीटरच्या आत ठेवला. सामानाने लादलेली सायकल, मागे मुलांची गाडी आणि फारसा सराव नसलेले पाय, एवढ्यावरही असा चढ पार होतो. खडी काढून किंवा दाबून तिच्यावर डांबर अथवा चुनखडीची बारीक कच पसरली की रस्ता तयार होतो. कचीवर पावसानंतर पांढरट चिखल उडतो आणि साखळीत जाऊन बसतो, तर डांबराखालून झाडांची मुळे वर आली की दर काही मीटरवर धक्के बसतात. लांबच्या प्रवासाला ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे टायर बरे पडतात, ते यासाठीच.

या प्रकाराचा आरंभ बर्गंडीतील सोन-ए-ल्वार जिल्ह्यात झाला. जिव्री ते क्लूनी हा जुन्या लोहमार्गावरचा सुमारे ४४ किलोमीटरचा पट्टा १९९७ मध्ये खुला झाला आणि तो फ्रान्समधला पहिला हरितमार्ग मानला जातो. आजही या विषयाची ओळख करून घ्यायला याहून चांगली जागा नाही. जिव्री, ब्युसी, सँ-जाँगू, कोर्माताँ ही जुनी स्थानके क्रमाने लागतात. रुळांची जागा सायकलींनी घेतली असली तरी फलाटांच्या दगडी कडा काही ठिकाणी शाबूत आहेत. जुन्या फाटकांजवळ फाटकवाल्यांची ठेंगणी घरे दिसतात. पूर्वी गाडी आली की फाटकवाला रस्त्यावरची वाहतूक थोपवून धरी. आता मोटारींचा रस्ता ओलांडताना थांबायचे ते सायकलस्वाराने. अशा जागी मोटारी आत घुसू नयेत म्हणून आडवे खांब किंवा नागमोडी अडथळे बसवलेले असतात. साधी सायकल त्यांतून सहज निघते, पण जोडसायकल किंवा मागे गाडी जोडलेल्या आईबापांची तिथे तारांबळ उडते. प्रवासी संघटना अडथळे रुंद करण्याची मागणी करतात, ती रास्त आहे.

क्लूनी येथे ९१० मध्ये स्थापन झालेल्या मठाचे अवशेष आहेत. रोममधील संत पीटरचे आजचे चर्च उभे राहीपर्यंत इथले चर्च ख्रिस्ती जगातले सर्वांत मोठे होते. त्यासाठी अर्धा दिवस तरी मोकळा ठेवावा. क्लूनीहून माकोंकडे जाताना ब्वा-क्लेरचा सुमारे १,६०० मीटर लांबीचा रेल्वे बोगदा लागतो. भर उन्हाळ्यातही आत अंगात स्वेटर लागावा इतका गारवा असतो. हिवाळ्यात तो बंद ठेवतात, कारण त्या काळात तिथे वटवाघळे शीतनिद्रा घेतात. तेव्हा टेकडीवरून वळसा घालून जावे लागते.

बोर्दोच्या आग्नेयेला लात्रेन ते सोव्हतेर-द-ग्वियेन हा असाच एक लोकप्रिय मार्ग आहे. त्याला रोजे लापेबी यांचे नाव दिले आहे. १९३७ ची ‘तूर द फ्रान्स’ ही सायकल-शर्यत त्यांनी जिंकली, आणि गिअर बदलण्याची यंत्रणा, म्हणजे डिरेलर, वापरून ती जिंकणारे ते पहिले होत. आयोजकांनी बरीच वर्षे डिरेलर शर्यतीबाहेर ठेवला होता, पण प्रवासी सायकलस्वारांनी तो कधीच आपलासा केला होता. सँतेत्येनचे पोल द व्हिव्ही (१८५३–१९३०) हे सायकल-पर्यटनाचे मोठे पुरस्कर्ते होते आणि गिअरांसाठी त्यांनी आयुष्यभर आग्रह धरला. फ्रान्सला जगाने शर्यतीचा देश म्हणून ओळखले, तरी सायकलवरून निवांत देश पाहण्याची त्याची परंपराही तितकीच जुनी आहे.

हरितमार्गांचा दुसरा वारसा कालव्यांचा. नावा घोड्यांकडून किंवा माणसांकडून दोराने ओढल्या जात, त्यासाठी पाण्याच्या काठाने सपाट वाट लागे. प्येर-पोल रिके यांनी १६६६ ते १६८१ या काळात बांधून घेतलेला, तुलूजपासून भूमध्य समुद्रालगतच्या तो सरोवरापर्यंतचा २४० किलोमीटरचा कनाल द्यू मिदी यांत सर्वांत प्रसिद्ध आहे. १९९६ मध्ये त्याला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तुलूजकडचे पहिले पन्नासेक किलोमीटर डांबरी आणि गुळगुळीत आहेत. पुढे ओद जिल्ह्यात काठाची वाट बऱ्याच ठिकाणी अरुंद, मातीची आणि मुळांनी भरलेली आहे. तुलूजच्या पश्चिमेला जाणारा गारोनचा कालवा नावाने कमी ओळखला जातो, पण सायकलीसाठी तोच सरस आहे. १९३ किलोमीटरच्या या कालव्याकाठी जवळजवळ अखंड पक्की वाट आहे. म्वासाकच्या मठातले बाराव्या शतकातले शिल्पकाम वाटेतच पाहता येते. आजाँ येथे तर कालवाच २३ कमानींच्या दगडी पुलावरून गारोन नदी ओलांडतो.

कालव्याची वाट जलद्वारांच्या, म्हणजे नावांना पाण्याच्या वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या दारांच्या, तालावर चालते. प्रत्येक जलद्वारापाशी छोटासा चढ, द्वारपालाचे टुमदार घर आणि कनाल द्यू मिदीवर त्या घराच्या भिंतीवर पुढच्या व मागच्या जलद्वाराचे अंतर सांगणारी पाटी. उन्हापासून बचाव करणारी झाडे मात्र संकटात आहेत. कनाल द्यू मिदीच्या दुतर्फा असलेली हजारो प्लातान झाडे (आपल्या ओळखीच्या चिनाराच्या कुळातली) एका बुरशीजन्य रोगाने मरत आहेत. २००६ मध्ये कालव्यावर हा रोग आढळला. त्यावर उपाय नसल्यामुळे लागण झालेली झाडे तोडून इतर जातींची रोपे लावली जात आहेत. मोठे पट्टे उघडे पडले आहेत, आणि ही हानी मनाला लागते.

नकाशावरची लांबलचक नावे वाचताना एक फरक ध्यानात ठेवावा. हरितमार्गावर मोटारी नसतातच, तर ‘व्हेलोरूत’ म्हणजे पाट्या लावून आखलेला दूर पल्ल्याचा सायकल-मार्ग. त्यात हरितमार्गांबरोबर कमी वर्दळीचे गावरस्तेही येतात. नव्हेरजवळून सँ-ब्रेव्हाँपर्यंत सुमारे ९०० किलोमीटरची ‘ल्वार आ व्हेलो’, अटलांटिक किनाऱ्याने रोस्कॉफ ते आँदाय जाणारी ‘व्हेलोदिसे’, नॉर्मंडीतील विस्त्रेआमपासून ला रोशेलपर्यंतची ‘व्हेलो फ्रान्सेत’ ही सारी अशी मिश्र उदाहरणे आहेत. त्यांची जाहिरात पाहून संपूर्ण मार्ग मोटारमुक्त आहे असा अनेकांचा समज होतो. मुले बरोबर असतील तर प्रत्येक टप्पा आधी तपासून घ्यावा. व्हेलोरूत आणि हरितमार्ग यांचा राष्ट्रीय आराखडा १९९८ मध्ये मंजूर झाला, पण प्रत्यक्ष बांधणी व देखभाल मुख्यतः जिल्हे आणि स्थानिक संस्था करतात. त्यामुळे जिल्ह्याची हद्द ओलांडताच रस्त्याचा पृष्ठभाग बदललेला दिसतो.

प्रवासाची रीत खेड्यांच्या वेळापत्रकाला जुळवून घ्यावी लागते. दुपारी बारा ते दोन लहान दुकाने बंद असतात आणि सोमवारी कित्येक बेकऱ्या उघडत नाहीत. म्हणून सकाळीच पाव, चीज आणि फळे सायकलच्या पिशवीत टाकावीत. पाणी संपले तर गावाच्या दफनभूमीतला नळ शोधावा. ‘ओ नॉन पोताब्ल’ अशी पाटी असेल, तर ते पाणी पिण्यायोग्य नाही. मुक्कामाला नगरपालिकेची तंबूंची मैदाने स्वस्त पडतात. ‘आक्य व्हेलो’ हे चिन्ह लावलेल्या निवासांत सायकल ठेवायला सुरक्षित जागा आणि दुरुस्तीची अवजारे मिळतात. रेल्वे गेल्यावर ओस पडलेल्या काही स्थानकांत आता सायकली भाड्याने मिळतात. बोर्दोजवळचे क्रेओं स्थानक त्यांतलेच.

सर्वांनाच हे रूपांतर मान्य नाही. ग्रामीण भागात पुन्हा गाड्या धावाव्यात असे म्हणणाऱ्यांना भीती वाटते, की रुळांवर एकदा सायकली आल्या की रेल्वे कायमची गेली. ही भीती निराधार नाही. पण पट्टा सार्वजनिक मालकीत अखंड राहिला तरच उद्या त्यावर रूळ घालता येतील, आणि तुकड्यातुकड्यांनी विकलेली जमीन परत मिळवणे जवळपास अशक्य असते. त्या दृष्टीने हरितमार्ग हा जमीन राखण्याचाही उपाय आहे.

महाराष्ट्रातील सायकलस्वारांना फ्रान्स मुख्यतः ‘पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस’मुळे ठाऊक आहे. पुणे, मुंबई, नाशिक इथल्या क्लबांच्या २०० ते ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुऱ्या करायच्या लांब सायकलफेऱ्या, पूर्ण करून कित्येक जण दर चार वर्षांनी होणाऱ्या त्या १,२०० किलोमीटरच्या मोहिमेला जातात. तिची कमाल मुदत ९० तास असून ती खुल्या रस्त्यांवरूनच होते. तिकडे गेल्यावर सुटीचे चार दिवस हाताशी असतील, तर सायकल घेऊन प्रादेशिक रेल्वेने, म्हणजे ‘तेएर’ गाड्यांनी, एखाद्या हरितमार्गापर्यंत जाता येते. सायकलीचे नियम प्रांताप्रमाणे बदलतात आणि काही प्रांतांत हंगामात आरक्षण लागते. वेगवान तेजेव्हे गाड्यांत मात्र सायकल सहसा चाके काढून पिशवीत भरूनच न्यावी लागते.