लिकर्ट मापनश्रेणी

विधानाशी उत्तरदाता कितपत सहमत आहे हे क्रमवार पर्यायांतून नोंदवून त्याची अभिवृत्ती (एखाद्या विषयाकडे पाहण्याचा कल) मोजण्याचे साधन. ‘पूर्णतः सहमत’ ते ‘पूर्णतः असहमत’ हे पाच पर्याय परिचित आहेत. व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधांत कार्यसमाधान, नेतृत्वशैली, ग्राहकनिष्ठा यांवरील प्रश्नावल्या बहुधा याच श्रेणीवर बेतलेल्या असतात.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट (१९०३–८१) यांनी कोलंबिया विद्यापीठातील डॉक्टरेटच्या संशोधनात ती विकसित केली. सामग्रीसंकलन १९२९ च्या सुमारास सुरू झाले असावे. प्रबंध १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. क्रमवार पर्याय त्यापूर्वीही वापरात असल्याने ती कल्पना सर्वस्वी त्यांची मानता येत नाही. त्यांचे खरे योगदान गुणांकनाचे. मानसशास्त्रज्ञ लुई थर्स्टन यांच्या १९२८ च्या सुमाराच्या पद्धतीत विधानांची मूल्ये ठरवण्यासाठी आधी परीक्षकांचा मोठा गट लागे. लिकर्ट यांनी परीक्षक वगळले. शिवाय प्रसामान्य (घंटाकृती) वितरणावर आधारलेले किचकट गुणांकन आणि १ ते ५ हे साधे गुण ताडून पाहता दोहोंतील सहसंबंध जवळजवळ पूर्ण असल्याचे त्यांनी दाखवले.

या गुणांची सरासरी काढावी की नाही, हा वाद अद्याप मिटलेला नाही. मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांच्या मापनप्रकारांच्या १९४६ च्या वर्गीकरणानुसार असे गुण केवळ क्रम सांगतात; ‘तटस्थ’ व ‘सहमत’ यांतील अंतर ‘सहमत’ व ‘पूर्णतः सहमत’ यांतील अंतराएवढेच आहे, याला आधार नाही. म्हणून मध्यक (क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारे मूल्य) आणि अप्राचल (विशिष्ट वितरण गृहीत न धरणाऱ्या) कसोट्याच ग्राह्य, असे या मताचे अभ्यासक मानतात. उलट, जेफ नॉर्मन यांनी २०१० मध्ये सरासरींची तुलना करणाऱ्या टी-कसोटीसारख्या प्राचल कसोट्या अशा सामग्रीवरही विश्वासार्ह निष्कर्ष देतात असे प्रतिपादन केले. दोन्ही बाजूंच्या लेखनात एका विधानाचे गुण आणि अनेक विधानांची बेरीज यांची गल्लत पुष्कळदा आढळते. लिकर्ट यांची श्रेणी म्हणजे ती बेरीज. बेरजेची सरासरी काढणे समर्थनीय दिसते. एकेका विधानापुरता मात्र स्टीव्हन्स यांचा आक्षेप अधिक सबळ वाटतो.

बेरीज करण्यापूर्वी नकारार्थी विधानांचे गुण उलटवावे (५ चे १, ४ चे २) लागतात. विधानांची अंतर्गत सुसंगती, म्हणजे ती सर्व एकच गोष्ट मोजतात का, हे सामान्यतः ली क्रॉनबाख यांच्या अल्फा गुणांकाने (१९५१) तपासतात. ‘०.७० पुरेसे’ हा प्रबंधांतून सर्रास दिसणारा अल्फाचा निकष मानसशास्त्रज्ञ जम नन्ली यांच्या नावावर दिला जातो. पण १९७८ मध्ये त्यांनी तो संशोधनाच्या प्राथमिक टप्प्यापुरता सांगितला होता. मूलभूत संशोधनासाठी ०.८० आणि व्यक्तींविषयी महत्त्वाचे निर्णय घ्यायचे असल्यास किमान ०.९० अशी त्यांची अपेक्षा होती. मार्गदर्शकांनी ही मर्यादा विद्यार्थ्यांना आवर्जून सांगायला हवी.

इंग्रजी प्रश्नावली मराठीत वापरताना रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये मांडलेली प्रत्यनुवादाची पद्धत उपयोगी पडते: मराठी मसुदा दुसऱ्या अनुवादकाकडून पुन्हा इंग्रजीत करवून तो मूळ प्रश्नावलीशी पडताळतात.