ऑनलाइन विक्रीच्या छायाचित्रणातील रंगनिष्ठा

वस्तूचा प्रत्यक्ष रंग आणि गिऱ्हाइकाच्या पडद्यावर दिसणारा रंग यांतले अंतर कमीत कमी राहावे, म्हणून फोटो काढताना व तो संगणकावर तयार करताना घेतली जाणारी काळजी. मराठवाड्यात या प्रश्नाची खरी कसोटी लागते ती पैठणच्या पैठणीवर. त्यामानाने छत्रपती संभाजीनगरची सूत-रेशमाची हिमरू शाल कॅमेऱ्याला कमी त्रास देते.

फोटोतला रंग बहुधा प्रकाशामुळे बिघडतो. पिवळ्या बल्बचे रंगतापमान, म्हणजे उजेड किती पिवळसर वा निळसर याचे माप, सुमारे २७०० केल्विन, दुपारच्या उन्हाचे सुमारे ५५०० केल्विन. सावलीतला उजेड आणखी निळसर. डोळा हे आपोआप सांभाळून घेतो. मोबाइलचा व्हाइट बॅलन्सही, म्हणजे उजेडाची झाक काढून टाकणारी सोय, तसाच प्रयत्न करतो, पण राणी रंगाच्या साडीने सगळी चौकट भरली की तो रंग उजेडाचाच आहे असे समजून फिका करून टाकतो. म्हणून साडीशेजारी तटस्थ करडे कार्ड ठेवून पहिला फोटो घेतात आणि त्यावरून पुढच्या फोटोंचा व्हाइट बॅलन्स ठरवतात. खिडकीचा उजेड व ट्यूबलाइट एकत्र असतील तर मात्र कार्डही हतबल होते. ट्यूब बंद करावी. एलईडी दिव्याचा सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी सरासरी आकडा, ९५ असला तरी त्या सरासरीत गडद लाल मोजलेला नसतो. त्यासाठी आर९ हा गडद लालाचा आकडा वेगळा पाहावा लागतो, विशेषतः लाल काठासाठी.

धूपछाव पैठणीत ताणा (उभे धागे) एका रंगाचा, बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा असतो आणि पाहण्याचा कोन बदलला की रंग बदलतो. अशा वस्त्राला एकच खरा रंग नसतोच, त्यामुळे एका फोटोत तो पकडण्याचा हट्ट व्यर्थ आहे. एक फोटो सपाट पसरलेल्या साडीचा, एक चुण्या घातलेल्या साडीचा आणि पदर हलवतानाचा छोटा व्हिडिओ, एवढे तरी हवेच. जरीचे दुखणे वेगळे. समोरून फ्लॅश पडला की सोनेरी जर पांढरी दिसते आणि शेजारच्या गुलाबी भिंतीची झाक तिच्यावर उतरते. पांढऱ्या पातळ कापडातून गाळून बाजूने टाकलेला प्रकाश तिला मानवतो.

संगणकावर रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद), कॅलिब्रेट केलेला, म्हणजे रंग मोजून जुळवलेला मॉनिटर आणि शेवटी एसआरजीबी प्रोफाइल (पडद्यावरच्या रंगांची ठरावीक मर्यादा) असा क्रम असतो. एसआरजीबी हे रंगमानक १९९६ मध्ये एचपी व मायक्रोसॉफ्ट यांनी मांडले. भडक राणी किंवा मोरपंखी छटा त्याच्या मर्यादेबाहेर जाऊ शकतात. तिथे सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) चढवण्याचा मोह होतो, पण त्याने रंग खरा होत नाही, उलट विणीचे बारकावे पुसले जातात.

गिऱ्हाइकाच्या फोनवर पडदा पिवळसर करणारा नाइट मोड चालू असेल तर या साऱ्या खटाटोपाचा उपयोग नाही. म्हणूनच वर्णनात नुसते ‘मोरपंखी’ लिहिण्यापेक्षा ताण्याचा व बाण्याचा रंग वेगवेगळा द्यावा.