पृथ्वीवर कुजवण्याचा धंदा: परग्रहवासी कंपन्यांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

‘विघटन क्षेत्रातील भागीदारी’ असे छापलेली व्हिजिटिंग कार्डे वाटत परग्रहावरच्या कंपन्या पृथ्वीवर खेटे घालतात. कार्डावर इथे काम होत नाही. रीतसर अर्ज करावा लागतो.

पात्रता: खरी अट एकच. प्रथिनांच्या विटा म्हणजे अमिनो आम्ले; त्यांचे रेणू डाव्या-उजव्या हातांसारखे, एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असलेल्या दोन रूपांत असू शकतात. पृथ्वीवरच्या सजीवांची प्रथिने डावखुऱ्या अमिनो आम्लांची बनलेली असतात. तुमचे एन्झाइम उजव्या हाताचे असतील, तर समोर अख्खा हत्ती मरून पडला तरी तुम्ही उपाशीच. उलाढाल किती आकाशगंगांत आहे, यासाठी अर्जात रकाना नाही. ‘लिग्निन फोडता येते का?’ असा आहे. लाकडातल्या या चिवट पदार्थाचा पुरता फडशा पाडणे मुख्यतः पांढरी कूज करणाऱ्या बुरशांनाच जमते, त्यामुळे ‘होय’ लिहिणाऱ्याला तिथल्या तिथे ओंडका दिला जातो.

कागदपत्रे: विलगीकरणाचा दाखला (मूळ प्रत). १९६७ च्या बाह्य अवकाश कराराचे नववे कलम सांगते, की बाहेरचे पदार्थ आणून पृथ्वीच्या पर्यावरणावर विपरीत परिणाम होऊ देऊ नये. १९६९ साली चंद्रावर जाऊन आलेल्या घरच्याच तिघांना २१ दिवसांचे विलगीकरण चुकले नाही, तेव्हा तुम्ही सवलत मागूच नका. सोबत ऑक्सिजन लागतो की नाही याचे स्वयंघोषणापत्र. लागत नसेल तर दुर्गंधीबाबत शेजाऱ्यांची ना हरकतही जोडावी.

क्रम: मेलेल्या जनावरावर पहिला मान हिरव्या-निळ्या माश्यांचा. त्या काही मिनिटांत पोचतात. वाळलेले कातडे खाणारे भुंगेरे बरेच उशिरा येतात. वशिल्याने हा क्रम मोडत नाही.

ओळखी वाढवायच्याच असतील तर मढी पुरणाऱ्या भुंगेऱ्याच्या पोटाखाली बघा. तिथे माइट, म्हणजे कोळ्यांच्या नात्यातले बारीक जीव, दाटीवाटीने चिकटलेले असतात. मेलेल्या उंदरापर्यंत ते फुकट प्रवास करतात, उतरून माश्यांची अंडी खातात, आणि भुंगेऱ्याच्या पिल्लांचे स्पर्धक आपोआप कमी होतात. यात ना परिचयाचे भाषण, ना चहापान. मात्र हेच माइट संधी मिळाली की यजमानाचीही अंडी खातात, म्हणून भागीदारीचा करार वकिलाला दाखवूनच करावा.

शुल्क: अर्ज निःशुल्क. सदस्य मरण पावल्यास त्याचा देह कच्चा माल म्हणून जमा धरला जातो. त्यावर वारसांना दावा सांगता येणार नाही.